भुतांना पाणी पाजणारी सिस्टर

माझ्या नोकरीतली सगळ्यात दमवणारी संध्याकाळ वर्षातून एकदाच यायची. ऑक्टोबर संपत आला की एका संध्याकाळी, मगरिबची अजान होऊन गेल्यावर, माझ्या टेबलापुढे भुतं रांग लावायची. भुतं, हडळी, एका डोळ्यावर पट्टी बांधलेले चाचे, परग्रहावरचे हिरवे प्राणी, एखादा चालता-बोलता टोमॅटो. प्रत्येकाच्या हातात गोळ्या-चॉकलेटांची पिशवी. मी प्रत्येकाला एकच विचारायची, "पाणी प्यायलास का?" भुतं खोटं बोलण्यात पटाईत. "यस सिस्टर" म्हणायची आणि पळायला बघायची. मग मी कपच पुढे धरायची. मुखवटा वर जायचा, आतून घामाने निथळलेलं लालबुंद तोंड बाहेर यायचं आणि कप एका दमात रिकामा व्हायचा.

मी शाळेची नर्स. माहेर श्रीवर्धनकडचं, सासर खेड तालुक्यातलं. नवरा जेद्दाला एसीच्या कामावर होता, म्हणून मीही तिकडे गेले. आधी इस्पितळात होते, आणि नंतर बरीच वर्षं थुवालच्या बाजूला समुद्रकाठच्या एका वसाहतीत, तिथल्या शाळेच्या दवाखान्यात. वसाहतीला भिंत आणि फाटक. आत संशोधक, इंजिनियर, शिक्षक असे देशोदेशींचे लोक आणि त्यांची पोरं.

"सौदीत आणि भुतं?" हा प्रश्न मला गावात आजही विचारतात. खुलासा सोपा आहे. अमेरिकेकडच्या लोकांमध्ये या सुमाराला मुलांनी सोंगं घ्यायची आणि शेजाऱ्यांच्या दारोदार खाऊ मागायचा, अशी रीत आहे. हॅलोवीन म्हणतात. तिकडून आलेल्या कुटुंबांनी ती वसाहतीत आणली. मग बाकीच्यांची पोरं काय घरात बसतात? खाऊ आणि सोंग, दोन्ही फुकट. ज्यांना पटत नसे ते आपली मुलं पाठवत नसत, त्यांना कुणी काही विचारतही नसे. मला स्वतःला त्यातलं भूतखेत काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की त्या संध्याकाळी सगळी पोरं अंधारात, तोंड झाकून, पायघोळ कपडे घालून रस्त्यावर असणार आणि दिसेल ते खाणार. नर्सला घाबरवायला आणखी काय लागतं?

माझी आई तेव्हा हयात होती. तिला मी फोनवर हे सांगितलं.

"मक्का-मदिनेच्या मुलखात जाऊन तू भुतांची चाकरी करतेस?"

"अम्मी, भुतं नाहीत गं, बालवाडीतली पोरं आहेत. आईबाप त्यांना भुतं बनवतात."

"बनवायला कशाला लागतं? आपल्याकडची न बनवताच असतात."



लोकांना वाटतं, शाळेची नर्स म्हणजे गुडघ्याला औषध लावणारी बाई. ते काम आहेच. पण आमची खरी मेहनत काहीच घडलं नाही तेव्हाची असते, आणि काहीच न घडल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही. त्या संध्याकाळच्या आधी काही आठवडे मी आईवडिलांना बोलावून कानीकपाळी ओरडायची. झगा घोट्याच्या वर ठेवा, पायात अडकतो. मुखवट्यापेक्षा तोंड रंगवा, म्हणजे पोराला दोन्ही बाजूंचं दिसेल. रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, खाज आली तर तोंडाला लावू नका. तलवार फोमची द्या. काळे कपडे असतील तर पाठीवर चमकणारी पट्टी लावा, म्हणजे गोल्फकार्टवाल्याला मूल दिसेल. आमच्याकडे वसाहतीत मोटारींपेक्षा त्या बिनआवाजाच्या गाड्याच जास्त.

लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन हवं तेच करायचे. एका इंजिनियर बापाने मुलाला खोक्यांचा रोबोट बनवला. दिवे लागत होते, आवाज येत होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टेबलाशी येऊन रोबोट हळूच म्हणाला, "सिस्टर, बाथरूम." बापाने पोराला आत बसवून बाहेरून टेप मारली होती. बाहेर काढायची सोयच नव्हती. बाप टेप सोडवत होता, पोरगा नाचत होता, आणि मी सरळ कात्री घातली. रोबोट हात नसलेला झाला, पण कोरडा राहिला.

चाचा झालेल्या एका पोराने दाढी चिकटवायला बाबाच्या कपाटातला पक्का गोंद वापरला होता. ती दाढी काही केल्या सुटेना. बाबा म्हणे ओढून काढा. मी म्हटलं, तुमची मिशी आधी ओढून बघू या. खेडहून आणलेलं घाण्याचं खोबरेल कोमट करून मी ती दाढी केसाकेसाने सोडवली. पोरगा तोवर झोपून गेला. आणखी एक होता डायनासोर. तो पोशाख थंड देशातल्या मुलांसाठी शिवलेला, आतून कापूस भरलेला. आमच्याकडे ऑक्टोबरातही समुद्रावरून येणारी दमट वाफ अंगाला चिकटते. डायनासोर टेबलापर्यंत आला आणि गवतावर आडवा झाला. शेपटी उशाला देऊन, पाय वर करून, ओल्या फडक्याने पुसत त्याला शुद्धीवर आणला. त्या टेबलावर पाणी पाजणं त्यानंतर सुरू झालं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. सईचं तसं नव्हतं.

सई सात वर्षांची होती. तिचे आईवडील, अश्विनी आणि प्रसाद, सांगलीकडचे. प्रसाद प्रयोगशाळेत काम करायचा. सईला काजू चालत नसे. चालत नसे म्हणजे पोट बिघडायचं असं नाही. एक तुकडा पोटात गेला तरी ओठ सुजायचे, घसा आवळायचा, श्वास अडायचा. अशा मुलांसाठी एक पेनसारखं इंजेक्शन मिळतं. मांडीवर जोराने दाबलं की औषध आत जातं आणि दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ मिळतो. ते पेन कायम जवळ हवं, ही पहिली अट. मी काजूच्या मुलखातली बाई. दर सुट्टीहून येताना सगळ्यांना काजू आणायची. सई शाळेत आली आणि माझी ती भेट बंद झाली.

त्या संध्याकाळी अश्विनी सईला घरातच ठेवायची. खिडकीचे पडदे ओढून कार्टून लावून द्यायची. एका वर्षी सई माझ्या दवाखान्यात आली आणि म्हणाली, "सिस्टर, एव्हरीबडी गोज. मैं अकेली नहीं जाती." घरी मराठी बोलायचे, पण ती उत्तर असंच द्यायची.

मी अश्विनी आणि प्रसादला बोलावलं. आम्ही तिघांनी मिळून बेत केला. सईने खाऊ घ्यायचा, पण खायचा नाही. फेरी झाली की पिशवी माझ्या टेबलावर आणायची. मी एकेक वेष्टन वाचून नको ते काढून घेणार आणि बदल्यात चालणारा खाऊ देणार. प्रसाद पेन खिशात ठेवून पूर्ण वेळ तिच्या मागे चालणार. आणि अश्विनीने तिच्या रस्त्यावरच्या घराघरांत जाऊन सांगितलं, "आमची मुलगी सिंह होणार आहे. सिंहाला घरी केलेलं काही देऊ नका."

बेत चोख होता. फक्त तो पोरांना विचारून केलेला नव्हता.

त्या संध्याकाळी सई आयाळवाला सिंह आणि तिची लेबनानी मैत्रीण लीना पेंग्विन होऊन निघाल्या. मागे प्रसाद. खेळाच्या मैदानाशी दोघी घसरगुंडीच्या आडोशाला गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. सिंह पुढे चालू लागला, प्रसाद त्याच्या मागे. आत लीना होती. तिला पहिल्यापासून सिंह व्हायचं होतं.

पेंग्विन झालेली सई दुसऱ्या पोरांबरोबर उम युसूफच्या दारात गेली. उम युसूफ ही मुलाच्या कुटुंबाबरोबर राहणारी सौदी आजी. तिला नातवंडांपेक्षा दुसऱ्यांची पोरं जास्त आवडत. अश्विनीचं सांगणं तिने नीट ध्यानात ठेवलं होतं. त्यामुळे सिंह आला तेव्हा तिने त्याला बंद वेष्टनातली गोळी दिली, आणि पेंग्विन आला तेव्हा प्रेमाने स्वतःच्या हातची खजुराची बिस्किटं दिली. खजुरात काजू कुटून घातला होता. सईला वाटलं, नुसता खजूर आहे. भूकही लागली होती. तिने एक खाल्लं.

मी टेबलाशी एका चेटकिणीला पाणी पाजत होते. तेवढ्यात गोल्फकार्टचा हॉर्न ऐकू आला, थांबता थांबेना. अबू सालेह नावाचा आमचा सिक्युरिटी गार्ड त्या दिवशी चौकात पोरांना रस्ता ओलांडून द्यायच्या कामावर होता. एका हाताने गाडी चालवत आणि दुसऱ्या हाताने एका पेंग्विनला छातीशी धरून तो येत होता.

"सिस्टर! यल्ला, यल्ला!" लवकर चला, असं तो ओरडत होता.

मी धावले. "लीना, व्हॉट हॅपन्ड?"

चोचीच्या आतून घोगरा आवाज आला, "सिस्टर, आय ॲम सई."

मी तिची चोच काढली. ओठ फुगलेले, डोळ्यांखाली सूज, श्वासाला शिट्टी. दोन्ही हात तिने गळ्याशी धरले होते. वर्गावर्गात जाऊन मी हेच शिकवलं होतं: घसा धरला तर बाथरूममध्ये लपू नका, घरी पळू नका, हात गळ्याशी लावा आणि दिसेल त्या मोठ्या माणसाकडे जा. ती अबू सालेहकडे गेली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि विचारत बसण्यात त्याने वेळही घालवला नाही.

सईचं पेन प्रसादच्या खिशात होतं आणि प्रसाद दुसऱ्या टोकाला सिंहामागे चालत होता. माझ्या पेटीत दवाखान्याचं पेन होतं. कपड्यावरूनही ते देता येतं, पण पेंग्विनच्या अंगात बोटभर जाडीचा स्पंज होता. मी बँडेजची कात्री घालून शिवण फाडली आणि मांडीवर पेन दाबून धरलं. सई ओरडली. तो ओरडा मला गाण्यासारखा वाटला. ओरडायला श्वास लागतो.

वसाहतीच्या ॲम्ब्युलन्सला चेटकिणीच्या आईने फोन लावला. मी सईला टेकून बसवलं, कारण श्वास अडत असेल तर आडवं करायचं नसतं. एका हाताने तिची नाडी धरली आणि अबू सालेहला माझा फोन कानाशी धरायला सांगितला.

"प्रसाद, सई माझ्याकडे आहे. ताबडतोब ये."

"काहीतरी चुकतंय, सिस्टर," तो हसून म्हणाला. "सई माझ्यासमोरच आहे."

"प्रसाद, सिंहाचं डोकं काढ."

 डोकं काढल्यावर त्याने लीनाला उचललं असावं, कारण धावणाऱ्या पावलांच्या आवाजात एक पोरगी अरबीत तक्रार करताना ऐकू येत होती.

सईच्या ओठांची सूज लगेच उतरली नाही, पण छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली. त्या औषधाने हात थरथरतात. ती हातांकडे बघून म्हणाली, "सिस्टर, माय हँड्स आर डान्सिंग." आणि मग अगदी हळू, मराठीत, "आईला सांगू नका ना."

आईला कसं नाही सांगणार? अश्विनी दवाखान्यात आली तेव्हा सई पलंगावर बसून जेली खात होती. अशा वेळी सगळं ठीक वाटलं तरी काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं होतं. अश्विनीने लेकीला इतकं घट्ट धरलं की जेली सांडली. मग मान वर न करता म्हणाली, "झालं. खलास. यापुढे हे नाही." सईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

प्रसाद दाराशी उभा होता. हातात सिंहाचं डोकं तसंच होतं. "मी सिंहाला पाणीसुद्धा विचारलं," तो मला म्हणाला. "त्याने मान हलवली. मी म्हटलं, आज किती शहाण्यासारखी वागतेय!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लीना आली. हातातल्या पिशवीत तिचा फाटका पेंग्विन. सईची चौकशी केली, ती बरी आहे हे कळल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हू कट माय पेंग्विन?" मी गुन्हा कबूल केला आणि जखम शिवतात तशा टाक्यांनी पेंग्विन शिवून दिला. तिने त्या टाक्यांवर बँडेजही मारून घेतलं.

अश्विनी दोन-चार दिवसांनी आली. 

"रेहानाताई, तुम्ही म्हणालात म्हणून मी तिला पाठवली."

"हो."

"घरी असती तर काही झालं नसतं."

"या वर्षी झालं नसतं," मी म्हटलं. "पुढे कॉलेजला जाईल, हॉस्टेलवर राहील, तिथे पडदे कोण ओढणार? ती चुकली, पण चुकल्यावर तिने काय केलं बघ. घाबरून लपली नाही. सरळ माणसाकडे गेली. माझ्याकडे मोठी माणसंसुद्धा उशिरा येतात गं."

तिने डोळे पुसले. "तिला विचारलं, का बदललास पोशाख? म्हणाली, बाबा मागे नसताना एकदा चालून बघायचं होतं."

 माझा मुलगा खेडला आजीजवळ वाढला. शाळेच्या स्नेहसंमेलनात तो काय झाला होता, हे मला दरवर्षी फोनवरून कळायचं. त्याच्या मागे चालायला मी कधी नव्हतेच. एकीला लेकीच्या मागून चालणं सोडवत नव्हतं, आणि मला ते कधी मिळालं नाही. हे मी अश्विनीला सांगितलं नाही. चहा मात्र दोन कप केला.

सगळ्यात वाईट अवस्था उम युसूफची झाली. ती दवाखान्यात येऊन बाकावर बसायची आणि आपले हात पुढे करून माझ्या मोडक्या अरबीला समजेल असं सावकाश म्हणायची, "या हातांनी दिलं मी." मी समजावलं, तुमची काही चूक नाही, तुम्ही सांगितलेलं तंतोतंत पाळलंत. तिला पटायचं नाही. पोरांना खाऊ देणं तिने बंद केलं. नातवाच्या वाढदिवसालासुद्धा तिने काही केलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही बेत बदलला. सिंह, पेंग्विन यावर काहीच ठेवलं नाही. ज्या मुलांना काही वर्ज्य आहे त्यांच्या मनगटाला नारिंगी पट्टी बांधली. पोशाख कितीही बदला, मनगट बदलता येत नाही. घराघरांत सांगितलं, पट्टी दिसली की फक्त बंद वेष्टनातलं द्या. पेन बापाच्या खिशातून निघून मुलीच्या कमरेला आलं, आणि ते कसं वापरायचं हे सईबरोबर लीनालाही शिकवलं. संत्र्यावर इंजेक्शनं मारून दोघींनी माझी सगळी फळं वाया घालवली. प्रसादला आता बरंच अंतर ठेवून चालायची परवानगी होती.

पाठवायचं की नाही, हे अश्विनीने शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी टेबल मांडत होते आणि समोरून एक कोळीण आली. गुडघ्यापर्यंतचं घट्ट लुगडं, कमरेला पट्टा, पट्ट्यात पेन, डोक्यावर टोपली, मनगटाला नारिंगी पट्टी. तोंड उघडं, पाय मोकळे, अडखळायला झगा नाही. नर्सने असा पोशाख स्वप्नात बघावा. एका चाच्याने विचारलं, "व्हॉट आर यू?" ती म्हणाली, "फिश सेलर. बाजूला हो."

मागे अश्विनी होती. "रेहानाताई, जरा बरोबर येता का? तिला उम युसूफकडे जायचंय. मी नको म्हटलं, ऐकत नाही."

टेबल दुसऱ्या नर्सवर सोडून मी गेले. सगळ्या घरांपुढे दिवे होते, उम युसूफच्या दारातला दिवा बंद. आम्ही दोघी फाटकाशी थांबलो. सई एकटी पायऱ्या चढली आणि तिने घंटी वाजवली. बराच वेळ काही झालं नाही. तिने पुन्हा वाजवली.

दार उघडलं. उम युसूफने तिला ओळखलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

सईने मनगट पुढे केलं आणि पाठ करून आणलेलं अरबी वाक्य म्हटलं, "मा फी काजू." काजू नको, एवढंच तिला म्हणायचं होतं. काजूला तिकडेही काजूच म्हणतात.

उम युसूफ आत गेली. अश्विनीने माझा दंड धरला. मला वाटलं, आता दार बंद होणार. पण ती परत आली ती डोंगरातल्या ताइफ गावचं एक मोठं डाळिंब घेऊन. त्या दिवसांत तिकडची डाळिंबं बाजारात येतात, पोराच्या डोक्याएवढी. तिने ते टोपलीत ठेवलं आणि आमच्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "याच्यात मी काही घातलेलं नाही. अल्लाहने घातलंय तेवढंच आहे."

सई माझ्याकडे वळली. मी अश्विनीकडे बघितलं. अश्विनी तोवर पायऱ्या चढून गेली होती. तिने टोपलीतून डाळिंब उचललं, पायरीच्या कडेवर आपटून फोडलं आणि पहिले दाणे स्वतः उम युसूफच्या तळहातावर ठेवले. मग तिघी पायरीवर बसून खाऊ लागल्या. रस लुगड्यावर सांडत होता. मी कुणाला पाणी विचारलं नाही.